वरचा कप्पा सगळ्यांचा: विमानात केबिन बॅग नेताना

मी तबल्याची साथ करतो. घर फोंडा तालुक्यात, कार्यक्रम कधी पुण्याला, कधी बेंगळुरूला, कधी दादरला. तबला-डग्गा मी चेक-इनमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटात खाली जाणाऱ्या सामानात, टाकत नाही. डग्ग्याला पोचा आला की नाद गेला, आणि पुडी (वरचं चामडं) फाटली तर संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी परगावात ती चढवून कोण देणार? त्यामुळे विमानात पाऊल टाकल्यापासून माझे डोळे डोक्यावरच्या कप्प्याकडे लागलेले असतात. तिथं कोण काय कोंबतं आणि त्यावरून कसे वाद होतात, हे मी इतरांपेक्षा जरा जास्तच बघितलंय. तबला न वाजवणाऱ्यांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

भरायला बसताना मी एकच कसोटी लावतो. जी वस्तू फुटली, हरवली किंवा दोन दिवस उशिरा मिळाली तर माझं काम अडेल, ती माझ्याबरोबर केबिनमध्ये. बाकी सगळं खाली. औषधं, चष्मा, कागदपत्रं, घराची किल्ली, लग्नाला निघाला असाल तर दागिने, लॅपटॉप, आणि माझ्यासारख्याचं वाद्य. कपडे या यादीत येत नाहीत. सदरा दुसऱ्याचाही घालता येतो.

वजन घरीच करा

देशातल्या देशात इकॉनॉमीने जाताना बहुतेक कंपन्या ७ किलोची एक केबिन बॅग आणि सोबत एक लॅपटॉपची बॅग किंवा बायकांची पर्स नेऊ देतात. आकार साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर, चाकं आणि हँडल धरून. खालच्या सामानाला बहुधा १५ किलो. तिकिटाचा प्रकार बदलला की हे आकडेही बदलतात, म्हणून निघण्याआधी तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालून वजन कमी होत नसतं.

लाकडी तबला, तांब्याचा डग्गा, दोन चुंबळी आणि जाड कापसाची बॅग मिळून माझे सात किलो तिथंच संपतात. धोतर, झब्बा, चपला खाली जातात. हुकाचा छोटा वजनकाटा दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर बॅग घेऊन काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा.

आम्हा गोंयकारांची खरी अडचण मात्र ट्रॉली नाही, पिशव्या आहेत. ट्रॉली एक, पर्स एक, आणि वर हातात सुतळीनं बांधलेला मानकुराद आंब्यांचा खोका, काजूची पिशवी, मावशीनं निघता निघता दिलेला खाज्यांचा पुडा. नेणाऱ्याला हे सामान वाटतच नाही. ‘तो खावपाचो जिन्नस’ (खायची वस्तू) असं एका बाईंनी माझ्यासमोर दारावर ठणकावून सांगितलं होतं. दारावरच्या माणसाला मात्र ते तीन नग दिसतात. आंब्याचा खोका न्यायचाच असेल तर तीच तुमची केबिन बॅग समजा आणि ट्रॉली चेक-इनला द्या.

निघण्याआधी आणखी एक. गोव्यात आता विमानतळ दोन आहेत. दाबोळी जुना, नौदलाच्या तळावरचा. मोपाचा मनोहर विमानतळ पेडणे तालुक्यात, तिथून उड्डाणं ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. तिकिटावर दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. फोंड्याहून दाबोळी जवळ आणि मोपा बराच लांब. कोड न बघता टॅक्सीत बसणाऱ्याला केबिन बॅगेची चिंता करायची वेळच येत नाही.

तपासणीत काय अडतं

तबलजींसाठी आधी सांगतो: हातोडी. सूर लावायची ती एवढीशी हातोडी बॅगेच्या बाजूच्या खिशात कायम पडलेली असते, म्हणून ती तिथं आहे हेच आपण विसरतो. यंत्राच्या पडद्यावर ती लख्ख दिसते. हातोडी हे हत्यार, केबिनमध्ये चालत नाही, आणि तिथल्या जवानाशी वाद घालण्यात अर्थ नाही कारण त्याच्या यादीत ती आहेच. ती चेक-इनमध्ये टाका. चेक-इनचं सामानच नसेल तर आयोजकांना आदल्या दिवशी फोन करून तिथं हातोडी ठेवायला सांगा. डग्गा धातूचा, आणि तबल्याच्या शाईत, म्हणजे मधल्या काळ्या गोलात, लोहकीस. दोन्ही पडद्यावर काळेकुट्ट दिसतात, म्हणून बॅग उघडायला सांगतातच. तोंड पटकन उघडेल अशी बॅग वापरा, दहा गाठी मारलेलं गाठोडं नको. एखादा जवान ‘बजा के दिखाओ’ म्हणतो. दोन बोल वाजवायचे आणि पुढं सरकायचं. मागं रांग असते, तिथं पेशकार (तबल्याची सावकाश सुरुवातीची मांडणी) मांडू नये.

आदोळीचंही, म्हणजे नारळ खवायच्या विळीचंही, तेच. परगावच्या मुलीला घरची आदोळी हवी असते, कारण मिक्सरच्या खोबऱ्याला ती चव नाही. मान्य. पण पातं जाड पुठ्ठ्यात बांधून चेक-इनमध्ये. आणि नारळ? ओला नारळ केबिनमध्ये एरवी सोडत नाहीत. शबरीमलाच्या यात्रेच्या दिवसांत भाविकांच्या इरुमुडीतल्या (डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातल्या) नारळाला मुद्दाम सवलत जाहीर करावी लागते, यावरून काय ते समजा. सुकं खोबरं तर चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. चवथीला पुण्याच्या घरी न्यायला म्हणून खोबऱ्याच्या वाट्या भरून ठेवल्या असतील तर त्या परत स्वयंपाकघरात ठेवा.

फेणीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण विमानाला त्याचं कौतुक नाही. बाहेरून आणलेली बाटली केबिनमध्ये नको. ती चेक-इनमध्ये जाते: दुकानातली सीलबंद बाटली असावी, आणि २४ ते ७० टक्के मद्यार्काची दारू माणशी ५ लिटरपर्यंत. फेणी याच टप्प्यात येते. ओळखीच्या भट्टीवरून पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली फेणी कितीही उत्तम असली तरी ती सीलबंद नव्हे. हुर्राकाचंही (काजूच्याच हलक्या दारूचंही) तसंच, शिवाय ती बाटली हमखास गळते. दुकानाचं बिल जवळ ठेवा, ज्या राज्यात उतरणार तिथले नियम बघा, आणि गुजरातला जात असाल तर नेऊच नका, तिथं दारूबंदी आहे.

कोकमाचं आगळही खालीच. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा ताणून लावा, झाकण घट्ट फिरवा, बाटली दोन पिशव्यांत घाला आणि मग टॉवेलात गुंडाळा. आगळाचा डाग एकदा लागला की पांढरा झब्बा कायमचा गुलाबी. परदेशी जाणाऱ्यांना केबिनमध्ये कुठलाही द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाही, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. लोणचं, चटणी, मोलें (मासळीचं लोणचं) हेही द्रवातच धरतात असं समजून चाला.

बिबिंक, दोदोल ही आमची मिठाई, खाजे, काजू खुशाल केबिनमध्ये न्या. चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि सुकी मासळी मात्र हात जोडून सांगतो, नको. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला खारा बांगडा मलाही आवडतो. पण बंद विमानात तो सव्वा तास सगळ्यांना आवडायलाच हवा असं नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी चेक-इनच्या बॅगेत. आणि तशी ती नेता येते का, हे कंपनीला आधी विचारा, कारण वास येणारं सामान नाकारायचा अधिकार त्यांना असतो.

पॉवर बँकेचा नियम याच्या बरोबर उलटा आहे: ती चेक-इनमध्ये अजिबात नको, जवळच ठेवा. आतली लिथियमची बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये कुणाला तरी दिसते, विझवता येते. खालच्या सामानात ते कळतही नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची. बाजारातली २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडवतात. ती वरच्या कप्प्यात टाकू नका, हाताशी ठेवा, आणि उड्डाणात तिच्यावर फोन चार्ज करू नका.

आता वरचा कप्पा

भांडणं होतात ती इथं. कप्पा तुमच्या डोक्यावर आहे म्हणून तुमचा होत नाही. त्या रांगेत बसणाऱ्या सगळ्यांचा तो असतो. सत्ताविसाव्या रांगेतला माणूस चढल्या चढल्या चौथ्या रांगेवर ट्रॉली टाकतो, उतरताना सोपं म्हणून. मग चौथ्या रांगेतली आजी आपली पिशवी घेऊन मागं मागं जाते, आणि उतरताना तिला उलट्या दिशेनं, गर्दीच्या विरुद्ध यावं लागतं. हा चतुरपणा मला बिलकूल आवडत नाही, आणि मी तसं तोंडावर सांगतो.

आपल्या रांगेशी पोचण्याआधीच पाठीवरची बॅग काढून पुढं धरा. पाठीवर बॅग घेऊन गर्रकन वळणारा माणूस आयलच्या सीटवरच्या किती जणांच्या तोंडावर ती मारतो, ते त्याला कधीच कळत नाही. ट्रॉली चाकं आत, हँडल बाहेर अशी सरळ सारा. आडवी ठेवली तर दोन बॅगांची जागा एकटी खाते. लॅपटॉपची बॅग, पर्स, जॅकेट वर टाकू नका. ते पुढच्या सीटखाली किंवा मांडीवर. वाचायचं पुस्तक, इअरफोन, गोळ्या बसण्याआधीच काढून घ्या, म्हणजे खिडकीशी बसून दोघांना दोनदा उठवावं लागत नाही.

दुसऱ्याची बॅग सरकवायची असेल तर आधी विचारा. हे मी स्वार्थानं सांगतोय. एकदा एका गृहस्थांनी माझी तबल्याची बॅग उचलून उभी केली आणि तिच्यावर आपली ट्रॉली रेटायला लागले.

‘अहो बाब, त्यात तबला आहे,’ मी म्हटलं.

‘मग खाली ठेवा की. एवढ्या जागेत माझी बॅग बसते.’

‘खाली सीटखाली जात नाही, डग्गा मोठा आहे. तुमची ट्रॉली आडवी आहे, ती सरळ करूया. दोन्ही बसतील.’

ट्रॉली सरळ केली, दोन्ही बसल्या. त्यांना ते पटलं नसावं, मुंबईपर्यंत काही बोलले नाहीत. पण बहुतेक वेळा मार्ग असाच निघतो: बॅग फिरवून, आवाज न चढवता. आणि नाहीच जमलं तर केबिन क्रूला सांगा. जागा शोधून देणं त्यांचं काम आहे. तुमची बारा किलोची ट्रॉली डोक्यावर उचलून ठेवणं मात्र त्यांच्याकडून अपेक्षू नका. जी बॅग आपल्याला उचलवत नाही ती केबिनची नव्हेच. वयस्कर माणसं आणि बाळवाल्या आया याला अपवाद. त्यांना ‘उचलू का?’ म्हणून विचारायला आपल्यासारखे आहेतच.

पहिल्या रांगेत किंवा आपत्कालीन दाराच्या रांगेत बसलात तर पायाशी काहीच ठेवता येत नाही, पर्ससुद्धा उड्डाण आणि उतरताना वर जाते. ती वाट पळण्यासाठी आहे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाला धावपट्टीवर आग लागली, तेव्हा आतले ३७९ जण सामान तिथंच टाकून घसरगुंडीवरून बाहेर पडले आणि सगळे वाचले. म्हणून मी पासपोर्ट, फोन आणि औषधं खिशात किंवा कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवतो. तशी वेळ आली तर तबल्याकडे बघायचंही नाही.

मोपाहून फ्लाय९१ च्या एटीआर विमानानं जाणाऱ्यांसाठी वेगळं. ही पंख्याची, सत्तरेक सीटची विमानं. वरचे कप्पे लहान. मोठ्या विमानात सहज मावणारी ट्रॉली इथं मावत नाही आणि शिडीपाशीच ती घेऊन खाली ठेवतात. अशा विमानाला मऊ कापडाची बॅग बरी. ट्रॉली द्यावीच लागली तर देण्याआधी पॉवर बँक, औषधं, दागिने आणि लॅपटॉप बाहेर काढा. घाईत हेच राहून जातं. त्यासाठी ट्रॉलीत वरच एक घडीची कापडी पिशवी ठेवावी, काढलेलं सगळं तिच्यात. आणि ती ट्रॉली उतरल्यावर विमानाच्या दारात मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे देतानाच विचारा.

उतरताना विमान थांबून सीटबेल्टची खूण विझेपर्यंत बसून राहा. चालत्या विमानात कप्पा उघडला की पहिली पडते ती तुमची नव्हे, शेजाऱ्याची बॅग. नंतरही पुढच्या रांगा आधी जाऊ द्या. सामान मागं राहिलं असेल तर गर्दीत उलटं घुसू नका, सगळे उतरेपर्यंत थांबा. काळ्या ट्रॉल्या सगळ्या एकसारख्या. हँडलला रंगीत नाडी बांधा आणि बॅगेच्या आत नाव-फोनची चिठ्ठी ठेवा, बाहेरची फाटून जाते.