आईच्या गोळ्या आणि बोलणारा अलार्म

आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. गोळी विसरण्यापेक्षा, घेतलेली विसरून पुन्हा घेणं जास्त धोक्याचं. या आजारावरची तिची गोळी, डोनेपेझिल, दुप्पट पोटात गेली तर मळमळ होते, नाडीही मंदावू शकते. मोबाइलचा अलार्म वाजला की आई दार उघडायला जायची! मग कुलूप लागणारी, आपोआप फिरणारी गोळ्यांची डबी आणली. ठरल्या वेळी एकच कप्पा उघडतो, बाकीचे बंद. जुन्या फोनवर अलार्मच्या जागी माझाच आवाज टाकला: "आई, जेवलीस ना? डबीतली गोळी घे, पाणी शेजारीच आहे." त्यावर ती चक्क "हो गं" म्हणते आणि घेते. दर रविवारी डबी भरायची मात्र मलाच. आणि गोळी तोंडात गेली की पदराच्या गाठीत, हे डबी सांगत नाही. त्यासाठी त्या वेळी व्हिडिओ कॉल लावते.