तेरा राज्ये, तेरा मते: अमेरिकेचे पहिले सरकार वर्गात उभे करताना

जॉर्ज वॉशिंग्टन 1789 मध्ये अध्यक्ष झाला. त्याआधी आठ वर्षे अमेरिका 'राज्यसंघाच्या कलमां'वर, म्हणजे तिच्या पहिल्या राज्यघटनेवर चालली. ही कलमे नुसती वाचून मुलांच्या डोक्यात शिरत नाहीत, खेळ मांडावा लागतो.

45 मुले, सलग दोन तास, 130 चिंचोके, 13 पाकिटे एवढे पुरते. सहा गट चौघांचे, सात तिघांचे; एक गट म्हणजे एक राज्य. काँग्रेसमध्ये, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेत, एका राज्याला 2 ते 7 प्रतिनिधी पाठवता येत, त्यामुळे साठांचा वर्ग असला तरी अडत नाही. गट केवढाही असो, मत एकच. चौघांत 2-2 फूट पडली तर त्या राज्याचे मत बाद. हे आधीच फळ्यावर लिहा, नाहीतर मुले डोकी मोजू लागतात.

पहिली दहा मिनिटे पार्श्वभूमीला द्या: कागदपत्रांवर कर बसवणारा ब्रिटनचा 1765 चा स्टॅम्प कायदा, 1773 मध्ये बोस्टन बंदरात फेकलेल्या चहाच्या 342 पेट्या. ब्रिटनशी भांडण पेटले तेच करावरून. म्हणून 15 नोव्हेंबर 1777 ला कलमे मंजूर करताना काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार दिलाच नाही. (इकडे पहिले इंग्रज-मराठा युद्ध 1775 ते 1782 चालले, हे सांगितले की मुलांना काळ चटकन लागतो.)

फेरी पहिली. प्रत्येक राज्याला 10 चिंचोके द्या. सैन्याच्या पगारासाठी काँग्रेस प्रत्येकाकडून 6 मागते. जेवढे द्यायचे तेवढे पाकिटात बंद करून द्यायचे; उरलेले त्या राज्याचे गुण. दंड नाही, जप्ती नाही. पूर्ण 78 जमले तर समजा की मुले शिक्षकांकडे बघून देत आहेत. पाकिटे गोळा होईपर्यंत पाठ फिरवा. खरी मागणी राज्यातल्या जमिनीच्या किमतीवरून ठरे, पण वर्गात सारखीच ठेवलेली बरी.

फेरी दुसरी. ब्रिटनशी युद्ध संपवणाऱ्या 3 सप्टेंबर 1783 च्या पॅरिस तहाला सहा महिन्यांत मंजुरी हवी आणि त्यासाठी नऊ राज्ये हवीत. सहा गट बाहेर पाठवा. उरलेल्या सातांना काहीच करता येत नाही, हा चुळबुळीचा वेळ मुद्दाम लांबवा. मग दोन गट आत घ्या. अ‍ॅनापोलिसला भरलेल्या काँग्रेसमध्ये असेच ताटकळत 14 जानेवारी 1784 उजाडला होता.

तिसऱ्या फेरीत खरी गंमत. आयातीवर पाच टक्के कर लावायचा, पण कलमांत बदल करायला तेराही राज्ये हवीत. ऱ्होड आयलंडच्या गटाला गुपचूप चिठ्ठी द्या: 'बंदराच्या जकातीवर आपले भागते, ती सोडू नका.' 1782 मध्ये त्या एका राज्याने नकार दिला आणि योजना बारगळली. बाकीचे बारा गट चिडून आरडाओरडा करतील, करू द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कोणीतरी 'अध्यक्षांनी हुकूम काढावा' म्हणते आणि शिक्षक मान्य करतात. काँग्रेसचा अध्यक्ष फक्त सभा चालवी. वेगळे कार्यकारी मंडळ नव्हते, देशभरची न्यायालयेही नव्हती.

सगळे फसलेच असा समज मात्र राहू देऊ नका. वायव्य प्रदेशात नवी राज्ये कशी घडवायची याचा 1787 चा कायदा याच काँग्रेसचा.

चौथी फेरी नवी राज्यघटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या सभेची, 1787. ऱ्होड आयलंडचा गट बाहेर. आतल्या बारांसमोर प्रस्ताव ठेवा: नवी राज्यघटना नऊ राज्यांच्या मंजुरीने लागू होईल. कलमे तर तेरा मागतात, मग हे नियमाला धरून आहे का? वाद घालू द्या, निकाल देऊ नका. तास संपताना बाहेरच्या गटाला आत बोलवा. ऱ्होड आयलंडने मंजुरी दिली 29 मे 1790 ला, तेरांत सर्वांत शेवटी.