चुन्यात शिजवलेल्या मक्याची भाकर

धारणीकडं माझं सासर. इथं मक्याची भाकर रोजचीच, पण थापताना कडा फाटतात, आणि गार झाली की घडी घालताच मोडते. मेक्सिकोची टॉर्टिया, म्हणजे तिकडची पातळ भाकर, त्याच मक्याची, तरी रुमालासारखी दुमडते. कारण आहे चुना.

अर्धा किलो वाळला मका घ्या. दीड लिटर पाण्यात चहाचा एक चमचा खायचा चुना कालवा. भिंतीला मारायचा अजिबात नको. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवून रात्रभर तसाच झाकून ठेवा. सकाळी पाणी पिवळं झालेलं असतं आणि नवीन चुना मारलेल्या भिंतीवर पावसाचे थेंब पडावेत तसा वास येतो. एक दाणा अंगठा आणि बोटात चोळा. साल सुटून बोटाला चिकटली की झालं. नाही सुटली तर अजून थोडं शिजवा, इथं घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया. मग तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्या.

या मक्याला तिकडं निश्तामाल म्हणतात. मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतल्या 'नेश्त्ली', म्हणजे राख, यावरून तो शब्द आला, कारण चुन्यासारखीच राखही वापरत. त्या भाषेत भाकरीला 'त्लाश्काली', भाजलेली, म्हणत. टॉर्टिया हे नाव स्पॅनिश लोकांनी दिलं: टोर्ता म्हणजे गोल केक, टॉर्टिया म्हणजे छोटा. स्पेनमध्ये मात्र आजही टॉर्टिया मागितली तर अंड्या-बटाट्याचं ऑम्लेट मिळतं!

चुन्यामुळं मक्यातलं ब-3 जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, ही रीत मागं राहिली. मग मक्यावरच जगणाऱ्या इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा, म्हणजे ब-3 कमी पडल्यानं होणारा रोग, झाला. कातडी सोलायची, भ्रम व्हायचा, माणसं मरायची. हे कळल्यापासून मी चुन्याचा चमचा चुकवत नाही.

वाटायला सासूबाईंचा पाटा-वरवंटाच बरा. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. कानाच्या पाळीइतकं मऊ मळा, लिंबाएवढा गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांत ठेवून ताटानं दाबा. बशीएवढी, भाकरीपेक्षा पातळ. तापल्या तव्यावर अर्धा मिनिट, उलटून एक मिनिट, पुन्हा उलटली की फुगते. लगेच फडक्यात गुंडाळा, वाफेनंच ती मऊ राहते. आम्ही ठेच्यासोबत खातो.