सीएफआरपी टेंडनवर थिसिस घेताय? आधी अँकरचं बघा

एम.टेक.ला मी सीएफआरपीचे, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बन फायबरचे टेंडन (काँक्रीटला आधीच दाब द्यायला, म्हणजे प्रीस्ट्रेसला, आत ताणून बसवतात त्या केबल किंवा रॉड) हा विषय घेतला तो मांडवीच्या पुलामुळे. जुलै 1986 मध्ये पणजीचा तो पूल कोसळला, जेमतेम 15-16 वर्षांचा होता, आतल्या केबल गंजल्या होत्या. आणि त्याच वर्षी तिकडे ड्युसेलडॉर्फला ग्लास फायबरचे टेंडन घातलेला पूल सुरू झाला! हे वाचलं आणि ठरलंच. जपानने 1988 ला शिनमिया पुलात कार्बनच्या केबल घातल्या, तिथंही कारण समुद्राच्या खाऱ्या हवेचंच.

गंज नाही, वजन स्टीलच्या साधारण पाचवा भाग, मग अडतं कुठं? अँकरला, म्हणजे ताणलेल्या टेंडनचं टोक धरून ठेवणाऱ्या भागाला. पहिल्या टेस्टला मी स्टील स्ट्रँडचेच (पिळलेल्या तारांच्या केबलचेच) वेज, म्हणजे दातेरी पाचरी, कार्बनच्या रॉडवर बसवले, अर्ध्या लोडपर्यंत पण पोचलो नव्हतो, आतून कट कट आवाज यायला लागला आणि रॉड वेजच्या तोंडाशीच गेला. उघडून बघितलं तर टोक खराट्यासारखं पिंजारलेलं, वेजच्या दातांचे वळ स्पष्ट उमटलेले. फायबरची ताकद लांबीच्या दिशेने असते हो, आडवं दाबलं की ते चिरडतं. मग स्टीलचा पाइप घेतला, रॉड बरोबर मधोमध धरून आत फुगणारं ग्राउट भरलं (खडक फोडायला वापरतात तसलं पातळ मिश्रण), त्याने दाब सगळीकडून सारखा येतो. यात तीन महिने गेले, पण नंतर रॉड मधल्या मोकळ्या लांबीत तुटला, तेव्हा कुठं खरी स्ट्रेंग्थ हातात आली. म्हणून सांगतो, बीम ओतायची घाई करू नका.

आयएस 1343 हे प्रीस्ट्रेस काँक्रीटचं भारतीय मानक स्टीलपुरतं आहे, त्यातलं 76 टक्के जॅकिंग (तुटण्याच्या ताकदीच्या 76 टक्क्यांपर्यंत जॅकने ताणणं) इथं लावू नका. एसीआय 440.4आर हे अमेरिकन मार्गदर्शक घ्या, कार्बनला 65 टक्के. ग्लास तर कायमच्या ताणाखाली काही काळाने अचानक तुटू शकतं, म्हणून प्रीस्ट्रेसला मी ते घेणारच नाही. जॅकचा स्ट्रोक (तो किती सरकतो ते) पण आधी तपासा: 2200 एमपीए स्ट्रेंग्थ आणि 145 जीपीए मॉड्युलसचा (ताठरपणाचा) रॉड ताण द्यायच्या 4 मीटर बेडवर 65 टक्क्यांना साधारण 39 मिमी ताणतो, स्टील स्ट्रँड 76 टक्क्यांना 29 च्या आसपास. आणि कार्बनला यील्ड नाही (स्टीलसारखं तुटण्याआधी ते लांबत जात नाही), तुटेपर्यंत ताणाचा ग्राफ सरळ रेषा, त्यामुळे टेस्टमध्ये डिफ्लेक्शन आणि क्रॅककडे नीट लक्ष ठेवा.

रॉड कापताना मास्क लावाच, काळी भुकटी फार बारीक असते. ताण देताना जॅकच्या रेषेत मागे कोणीही उभं राहायचं नाही, आम्ही तिथं जाड प्लायवूड लावून बाजूनेच रीडिंग घ्यायचो.