जुने व्हॅम्पायर नव्याने लिहिण्याआधी

काळा झगा, उभी कॉलर, आत लाल अस्तर, कपाळावर मधोमध टोक काढलेले केस. ड्रॅक्युला म्हटलं की हे चित्र डोळ्यांपुढे येतं, आणि त्यातला झगा सोडला तर १८९७च्या मूळ कादंबरीत यातलं काहीच नाही. ब्रॅम स्टोकरचा काउंट पहिल्या भेटीत म्हातारा आहे. लांब पांढऱ्या मिशा, नाकावर जवळजवळ जुळलेल्या दाट भुवया, जाड आखूड बोटं, तळहातावर केस, तोंडाला घाण वास. रक्त मिळत जातं तसा तो तरुण होतो. लंडनच्या पिकाडिलीत भरदिवसा उभा असलेला दिसतो तेव्हा मिशा काळ्या झालेल्या असतात. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना १९२२च्या एका जर्मन मूकपटातून रूढ झाली. उभी कॉलर रंगमंचावरून आली.

तेव्हा अशा जुन्या व्हॅम्पायर पात्रांवर कथा, एकांकिका, चित्रमालिका असं काहीही करायचं असेल, तर आधी डोक्यातलं आणि पुस्तकातलं वेगळं करा. पुस्तक न उघडता एका कोऱ्या पानावर त्या पात्राबद्दल आठवतील त्या दहा गोष्टी लिहून काढा. वाचून झाल्यावर त्यातल्या खरोखर सापडलेल्यांवर खूण करा. बाकीच्या वापरू नका असं नाही, पण त्या कोणाच्या आहेत हे कळायला हवं. लॉर्ड रथ्वेनचा लेखक पॉलिडोरी १८२१मध्ये, कार्मिलाचा लेखक ल फान्यू १८७३मध्ये आणि स्टोकर १९१२मध्ये वारले, त्यामुळे त्यांची पात्रं आज सगळ्यांसाठी मोकळी आहेत. नंतरच्या चित्रपटांनी घातलेली भर मात्र कोणाच्या तरी मालकीची असू शकते. तो १९२२चा मूकपटही स्टोकरच्या पत्नीने कोर्टात खेचला होता आणि त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला होता. काही प्रती वाचल्या म्हणून तो आज पाहता येतो.

वाचन: तीन पुस्तकं, एक वही

सुरुवात लॉर्ड रथ्वेनपासून करा. जॉन पॉलिडोरीची ही कथा १८१९ची, सुमारे आठ हजार शब्दांची. एका बैठकीत संपते. लोककथांमधला व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उठलेलं फुगलेलं प्रेत; त्याला उमरावांच्या दिवाणखान्यात आणून बसवलं ते या कथेने. पॉलिडोरी हा कवी बायरनचा डॉक्टर, आणि कथा छापली गेली तीही चुकून बायरनच्याच नावावर. रथ्वेन वाचताना त्याचा दानधर्म बघा. गरजू सज्जनाला तो दारातून हाकलतो आणि जुगारी-व्यसनी माणसाला सढळ हाताने पैसे देतो, म्हणजे तो आणखी खोल बुडेल. सुळ्यांचा उल्लेखही न करता पात्र उभं राहतं ते असं.

मग शेरिडन ल फान्यूची कार्मिला. १८७१-७२मध्ये मासिकात क्रमशः आली, ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात घडते, दोन-तीन संध्याकाळी पुरेत. ड्रॅक्युला शेवटी घ्या, आणि त्यासाठी वेळ राखून ठेवा. सत्तावीस प्रकरणं आहेत आणि सगळी डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं यांची बनलेली. कथा ३ मे ते ६ नोव्हेंबर चालते, पण सरळ रेषेत नाही. चौथं प्रकरण ३० जूनला संपतं आणि पाचवं परत मे महिन्यात जातं. म्हणून शेजारी एक कॅलेंडर आखून कोणत्या तारखेला कोण कुठे आहे ते भरत जा. याचा कंटाळा केला तर काउंटची बळी लूसी आजारी पडते तेव्हा तो कुठे असतो, हे कळतच नाही.

वहीत तीन रकाने करा: हे कोण सांगतंय, घटनेनंतर किती वेळाने सांगतंय, आणि यातलं काय कोणापासून लपवलं जातंय. पहिले दोन रकाने पटापट भरतात. खरा ऐवज तिसऱ्यात आहे.

तिसरा रकाना

या तिन्ही गोष्टींत व्हॅम्पायर कुठून आत येतो ते पाहिलं तर खिडकी नंतर येते. आधी कोणीतरी गप्प बसलेलं असतं.

रथ्वेन मरताना आपल्या तरुण सहप्रवाशाकडून, ऑब्रीकडून, शपथ घेतो: एक वर्ष आणि एक दिवस माझ्याबद्दल कोणाला काही बोलायचं नाही. ऑब्री शब्द पाळतो आणि तेवढ्या अवधीत परत आलेला रथ्वेन त्याच्याच बहिणीशी लग्न लावतो. कार्मिलामध्ये डॉक्टर गोष्ट सांगणाऱ्या लॉराला तपासतो आणि निदान तिच्या वडिलांना बाजूला नेऊन सांगतो. लॉराला कोणी काही सांगत नाही. ड्रॅक्युलात हेच दोनदा होतं. लूसीच्या आईचं हृदय नाजूक, म्हणून तिला कसलीच कल्पना दिलेली नाही. खोलीत कोंदट वास येतो म्हणून ती बिचारी मायेने व्हॅम्पायरला अडवायला लावलेली लसणाची फुलं काढून टाकते आणि वर खिडकीही उघडते. पुढे लूसीच्या मैत्रिणीला, मीनाला, ‘त्रास नको’ म्हणून काउंटच्या मागावरची पुरुषमंडळी बैठकीतून वगळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काउंट तिच्यापर्यंत पोहोचतो. लबाडी कोणाचीच नाही, सगळ्यांचा हेतू चांगला आहे. भीती त्यातून येते.

नव्या कथेचा आराखडाही इथूनच सुरू करा. व्हॅम्पायर कसा दिसतो ते ठरवण्याआधी एक वाक्य लिहा: अमुक माणसाला अमुक गोष्ट माहीत आहे, आणि तो ती अमुक माणसाला अमुक कारणासाठी सांगत नाही. कारण दोघांनाही पटण्यासारखं असलं पाहिजे: लाज, काळजी, वचन, नोकरी. ‘सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही’ हे कारण टाळा. ते इतकं वापरून झालंय की वाचक ते वाचतच नाही.

आजच्या काळात कथा आणताना ‘फोन आल्यावर रहस्य उरतं कुठे?’ हा प्रश्न पडतो, त्याचं उत्तरही याच वाक्यात आहे. ड्रॅक्युला हे त्याच्या काळातलं अगदी यंत्रयुगातलं पुस्तक आहे: लघुलिपी, टंकलेखन, फोनोग्राफवर ध्वनिमुद्रित केलेली डायरी, तारा, रेल्वेची वेळापत्रकं, रक्त देणं. (चार पुरुष पाठोपाठ लूसीला रक्त देतात आणि गट जुळतो का हे कोणी विचारत नाही, कारण रक्तगटांचा शोध लागायला १९०१ उजाडायचं होतं.) एवढं सगळं असून लूसीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगची एक तार पत्त्यात परगण्याचं नाव नसल्यामुळे भलत्याच ठिकाणी जाते, बावीस तास उशिरा पोहोचते, आणि लूसीवर पहारा द्यायची ती रात्र हातची जाते. फोन काढून घेऊ नका. निरोप चुकू द्या.

नियम किती ठेवायचे

काउंटचे नियम मोजले तर दमायला होतं: आरशात दिसत नाही, पहिल्यांदा बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, वाहतं पाणी ठरावीक भरती-ओहोटीलाच पार करतो, लसूण, क्रूस, रानगुलाबाची फांदी, झोपायला मायभूमीची माती. सत्तावीस प्रकरणांत हे मावतं. दहा पानांच्या कथेत तीन नियम पुरेत, आणि प्रत्येक नियमाने किमान दोन प्रसंग दिले पाहिजेत, एकदा माणसाला वाचवणारा आणि एकदा माणसाला महागात पडणारा. ज्यातून एकच प्रसंग निघतो तो नियम खोडून टाका.

नियमातून कथानक कसं निघतं हे शिकायला मातीच्या पेट्या मोजा. काउंट पन्नास पेट्या घेऊन इंग्लंडला येतो. त्याने विकत घेतलेल्या कारफॅक्स या जुन्या घरात २९ सापडतात. बाकीच्या दोन ठिकाणी सहा-सहा आणि पिकाडिलीत नऊ गेल्याचं हमालांकडून कळतं. पिकाडिलीत प्रत्यक्षात आठच निघतात. त्या एका पेटीसाठी सगळे काउंटच्या मायदेशी, ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत धावतात. साधी बेरीज-वजाबाकी, पण पुस्तकाचा शेवटचा भाग तिच्यावर उभा आहे. कार्मिलाचा नियम याहून नाजूक आहे. तिला नाव बदलता येतं, पण अक्षरं तीच ठेवावी लागतात: मिरकाला, मिलार्का, कार्मिला. मराठीत नवं नाव रचताना काना-मात्रा मोकळ्या धराव्या लागतात, नाहीतर खेळ जमत नाही. इथे फक्त व्यंजनांची अदलाबदल करा.

पात्रं एकेक करून

काउंटबद्दल सर्वात जास्त सांगणारा तपशील रक्ताचा नाही. वाड्यात पाहुणा आलेला तरुण वकील हार्कर हळूच आपल्या खोलीत येतो तर काउंट स्वतः त्याचं अंथरूण घालतोय. वाड्यात नोकर नाहीत. ताटं मांडणारा तोच, आणि मग रात्री घोडागाडी हाकणाराही तोच असणार. शेकडो वर्षांच्या उमरावाला हे लपवावं लागतं, यात विनोद आहे आणि धसकाही. तुमच्या व्हॅम्पायरलाही असं एक घरकाम द्या. पैसे कुठून येतात, कपडे कोण धुतं, पत्रव्यवहार कोण बघतं, हे तीन प्रश्न सोडवले की पात्र जमिनीवर येतं.

हार्करशी लग्न झालेल्या मीनाला नुसती ‘नायकाची बायको’ करून ठेवणं ही सर्रास होणारी चूक. सगळ्यांच्या डायऱ्या टंकलिखित करून, तारखांनुसार लावून खटला उभा करणारी तीच आहे. काउंट मूळ कागद जाळून टाकतो आणि शेवटी हातात उरते ती तिने केलेली टंकलिखित प्रत. म्हणजे आपण जे वाचतो ते मीनाने संपादित केलेलं आहे. तिने काय गाळलं असेल? एवढ्या एका प्रश्नावर अख्खी कथा होते.

लूसीला एकाच दिवशी तीन मागण्या येतात म्हणून तिला उथळ ठरवून शिक्षा देणारी रूपांतरं बरीच आहेत. तिचं ते पत्र नीट वाचा. नकार देताना तिला रडू आवरत नाही. वेड्यांच्या इस्पितळातला रेनफिल्ड माश्या, मग कोळी, मग चिमण्या खातो आणि पुढे मांजराचं पिल्लू मागतो. त्याच्या वेडात हिशेब आहे, तो ठेवा. नुसता किंचाळणारा रेनफिल्ड दोन पानांत कंटाळा आणतो.

तो, ते, ती

मराठीत लिहिताना इंग्रजीत नसलेली काही हत्यारं आपल्या हातात आहेत. हार्करच्या डायरीत काउंटसाठी आदरार्थी ‘ते’ वापरा: ‘काउंट स्वतः दिवा घेऊन पुढे चालले.’ मग तो प्रसंग, काउंट डोकं खाली करून बाहेरच्या भिंतीवरून पालीसारखा उतरतो, तिथे पहिल्यांदा ‘तो’ येऊ द्या. स्पष्टीकरण देऊ नका. काउंटच्या तोंडी मात्र पाहुण्यासाठी शेवटपर्यंत ‘आपण’च ठेवा, त्याची अदब जितकी टिकेल तितकी भीती वाढते.

कार्मिला आणि लॉरा यांच्यात ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कोण आधी येतं ते ठरवा. कार्मिलाच आली पाहिजे, आणि लॉराला ते आवडलं पाहिजे. रात्री पलंगाशी येणारं काळं, मांजरासारखं जनावर नपुंसकलिंगात लिहा: ‘ते आलं, ते थांबलं.’ मग एकाच वाक्यात ‘ती’. याउलट अडचणही आहे. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ यातून निवेदकाचं लिंग लगेच फुटतं. निवेदक कोण हे झाकायचं असेल तर वर्तमानकाळ, ‘मला दिसलं’सारखी वाक्यं किंवा क्रियापद नसलेली टिपणं वापरावी लागतात. रेनफिल्डने काउंटला ‘स्वामी’ म्हटलं तर भक्तीचा वास येतो, ‘मालक’ म्हटलं तर पगाराचा. ‘धनी’ दोन्हींच्या मधे बसतं.

कुठे बिघडतं

व्हॅम्पायरच्या हाती लेखणी दिली की बहुतेक कथा रडव्या होतात. काउंट एक ओळही निवेदन करत नाही. पहिल्या चार प्रकरणांनंतर तो फार थोडा वेळ दिसतो आणि म्हणूनच सगळीकडे असल्यासारखा वाटतो. पश्चात्तापी व्हॅम्पायरही नवा नाही: १८४५ ते १८४७ दरम्यान स्वस्त अंकांतून आलेला वार्नी शेवटी कंटाळून व्हेसुव्हियस ज्वालामुखीत उडी घेतो. त्याच्याच तोंडून सांगायचं असेल तर त्याला कबुलीजबाब देऊ नका, दुसरा काहीतरी कागद द्या: हिशेबाची वही, घरमालकाला पत्र, भाषा शिकतानाचे धडे.

दुसरा खड्डा उगमकथेचा. ड्रॅक्युलामागचा खरा माणूस म्हणून सांगितल्या जाणाऱ्या व्लाद या ऐतिहासिक राजावर पानंच्या पानं खर्ची पडतात, पण कादंबरीत त्याचं व्लाद हे नावही येत नाही. स्टोकरला ‘ड्रॅक्युला’ हे नाव १८९०मध्ये इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. त्याआधी टिपणांत त्याच्या खलनायकाचं नाव काउंट वॅम्पायर असंच काहीसं होतं. ल फान्यू तर कार्मिलाला गाडीतून आणून सोडणारी ती रुबाबदार ‘आई’ कोण, हे शेवटपर्यंत सांगत नाही. ती कोणालाच पुन्हा सापडत नाही.

शेवट लिहिताना मेख आणि हातोडा आपोआप हातात येतो. काउंट तसा मरत नाही: हार्करची खुकरी गळ्यावर आणि लूसीला मागणी घातलेल्या क्विन्सी मॉरिसचा सुरा छातीत, सूर्य मावळता मावळता. कार्मिलाच्या बाबतीत मेख, शिरच्छेद, दहन आणि राख नदीत, असं सगळं यथासांग होतं. तरी इतक्या वर्षांनंतरही लॉराला अधूनमधून दिवाणखान्याच्या दाराशी तिच्या हलक्या पावलांचा भास होतो. मसुदा पूर्ण झाला की शेवटचा परिच्छेद झाकून वाचून बघा. कथा त्याच्या आधीच थांबत असेल, तर तो परिच्छेद काढा आणि पावलं दाराशीच राहू द्या.