इंदुरात उन्हाळ्यात घर गार ठेवण्याचा खर्च कसा कमी करावा

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर वसले आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. परंतु हवा कोरडी असल्यामुळे सूर्य मावळल्यावर ती बरीच निवते, आणि ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ख्याती अशा रात्रींमुळेच आहे. मुंबईसारख्या दमट गावासाठी सांगितलेले उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जे काम रात्रीची हवा आणि थोडे पाणी अत्यल्प खर्चात करू शकते, ते आपण एसीकडून करून घेतो, हे माझ्या मते आपल्याकडील बिल फुगण्याचे मोठे कारण आहे. म्हणून पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात आणि एसीचा विचार शेवटी करावा.

पहिली पायरी मीटरची. रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याचा घरगुती वापर 150 युनिटांच्या आत राहिला, तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपये आकारले जातात. मर्यादा ओलांडली की त्या महिन्याची सवलत मिळत नाही. म्हणजेच दिवसाला सरासरी 5 युनिट हे लक्ष्य झाले. एसी लावणाऱ्या घराला ते बहुधा साधणार नाही, परंतु पंखे आणि कूलरवर भागणाऱ्या घराने शेवटच्या आठवड्यात आकड्याकडे लक्ष दिले, तर थोड्याशा काटकसरीने संपूर्ण सवलत वाचते.

दुसरी पायरी ऊन घराबाहेर अडवण्याची. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मार्चअखेर गच्ची खरवडून, धुऊन तिला चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवतो आणि स्लॅब तापण्याचे प्रमाण कमी होते. चुना पावसाने धुपतो, त्यामुळे हे काम दर वर्षी करावे लागते. ऊन परावर्तित करणारा तयार रंग महाग असला, तरी काही वर्षे टिकतो. पश्चिमेच्या खिडक्यांना आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चटई किंवा हिरवी जाळी बांधावी, कारण काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्यावर अडले, तरी त्याची उष्णता खोलीतच राहते.

तिसरी पायरी खिडक्यांच्या वेळापत्रकाची, आणि हिला एक पैसाही लागत नाही. सकाळी आठच्या सुमारास, बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम होऊ लागताच, खिडक्या बंद कराव्यात. रात्री बाहेर गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा तासभर चालवावा. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीतून निवल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशीचे कोणतेही यंत्र आधी त्या भिंतींशीच झगडते. खिडक्यांना डासांची जाळी असणे मात्र आवश्यक आहे.

यानंतर कूलर. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने बाष्प होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेते. जुन्या वाड्यांतील वाळ्याचे ओले पडदे याच तत्त्वावर खोली गार ठेवत. साधारण 200 वॅटचा कूलर दहा तास चालला, तर 2 युनिट वीज लागते. तो खोलीच्या आत ठेवू नये. खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा बसवावा, आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटे उघडे ठेवावे; दमट झालेल्या हवेला बाहेर वाट मिळाली नाही, तर तासाभरात खोलीत चिकचिक होते आणि कूलर निकामी ठरवला जातो. कूलरच्या बाजूंच्या ताट्यांमधील (पाण्याने भिजणाऱ्या जाळीदार चौकटींमधील) गवत दर हंगामात बदलावे, कारण बोरिंगच्या पाण्यातील क्षार साचून त्यातून हवा आणि पाणी दोन्ही नीट जात नाहीत. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तिच्या भिंती घासाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी तेथेच चिकटलेली असतात आणि केवळ पाणी बदलल्याने ती जात नाहीत. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड मिळणाऱ्या शहरात हे पाणी गटारात सोडू नये, त्याने अंगण धुवावे. क्षार वाढलेले असल्याने कुंड्यांना मात्र घालू नये.

पंख्यांबाबत थोडक्यात सांगता येईल. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे 30 वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिट वाचतात, म्हणून सर्वाधिक चालणारा पंखा आधी बदलावा.

एसी असल्यास तो 26 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते. गाळणी दर पंधरवड्याला धुवावी, दाराखालची फट बंद करावी आणि बाहेरच्या यंत्रावर सावली असावी, पण त्याची हवा अडू नये. एकाच खोलीत कूलर आणि एसी एकत्र कधीही लावू नयेत: कूलरने हवेत घातलेला ओलावा काढण्यातच एसीची वीज खर्च होते.

जूनमध्ये पावसाळी हवा आली की हा हिशेब उलटतो. हवा आधीच ओलसर असल्यामुळे कूलरचा पंप उपयोगी पडत नाही. तेव्हा पंखे चालवावेत, उकाडा असह्य झाल्यास एसी ‘ड्राय’ मोडवर लावावा, आणि कूलरची टाकी घासून, उन्हात पूर्ण वाळवून, झाकून ठेवावी.