गेम कन्व्हेन्शनमध्ये डेव्हलपरशी ओळख कशी काढावी?

गेम कन्व्हेन्शनला गेलेले बरेच विद्यार्थी सर्वांत मोठ्या बूथपुढच्या रांगेत दोन-दोन तास उभे राहतात आणि संध्याकाळी पिशवीभर स्टिकर घेऊन परततात. डेव्हलपरशी बोलायचं असेल तर ती रांग सोडा. तिथे डेमो दाखवणारी मंडळी बऱ्याचदा तेवढ्या दिवसांपुरती नेमलेली असतात. इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र स्टुडिओंच्या विभागात मात्र ज्यानं कोड लिहिला, तोच टेबलामागे उभा असतो.

कुठे जाताय ते आधी बघा. कोलोनच्या गेम्सकॉममध्ये व्यावसायिक भेटींचे हॉल वेगळे असतात. खेळाडूंच्या साध्या तिकिटावर तिथे जाता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोची जीडीसी (गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स) १९८८ साली गेम डिझायनर ख्रिस क्रॉफर्ड यांच्या घरात भरलेल्या छोट्या बैठकीतून सुरू झाली आणि आजही ती प्रामुख्यानं गेम बनवणाऱ्यांचीच आहे. तिचा पास महाग असतो. काही कन्व्हेन्शनमध्ये स्वयंसेवक म्हणून निवड झाली तर काम करून आत जाता येतं. तुम्ही जाताय तिथे अशी सोय आहे का, चौकशी करा.

यादी छोटी ठेवा. सात-आठ स्टुडिओ पुरेत. स्टीम किंवा इच (itch.io) या गेमच्या साइटवर त्यांचे डेमो असतील तर आधीच खेळून घ्या.

दाखवायला एक पूर्ण गोष्ट हवी. ४८ तासांच्या जॅममध्ये (ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात) बनवलेला, पण सुरुवात-शेवट असलेला गेम अर्धवट पडलेल्या भव्य प्रकल्पापेक्षा कधीही बरा. त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फोनमध्ये उतरवून ठेवा. हजारो माणसांच्या हॉलमध्ये नेट चालेल या भरवशावर राहू नका. कार्डावर नाव, तुम्ही काय करता (प्रोग्रॅमिंग, आर्ट, साउंड) आणि पोर्टफोलिओचा क्यूआर कोड, एवढं पुरे.

आधी खेळा, मग बोला. खरी ओळख इथेच होते. सकाळी दारं उघडल्याबरोबर जा, गर्दी कमी असते. डेमो शांतपणे खेळा. तुम्ही कुठे अडखळता हे डेव्हलपर बारकाईनं पाहत असतो. त्याच्यासाठी ती फुकटची चाचणी असते. मग "मस्त आहे" म्हणून थांबू नका. नेमकं विचारा: "कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते, ती सवलत किती फ्रेमची ठेवलीत?" या सवलतीला कायोटी टाइम म्हणतात. असा प्रश्न ऐकला की दिवसभर तेच तेच सांगून कंटाळलेला माणूसही खुलतो. "दुसऱ्या खोलीत दार कुठे आहे ते मला कळलं नाही" हेही सांगा. कौतुकापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

"तुमच्याकडे नोकरीची जागा आहे का?" हा पहिला प्रश्न नको. आपली गेमची कल्पनाही ऐकवू नका. पुढे कायद्याची भानगड नको म्हणून अनेक स्टुडिओ बाहेरच्यांच्या कल्पना ऐकतच नाहीत. जाहीर न झालेल्या प्रकल्पाबद्दलही खोदून विचारू नका, करारामुळे त्यांना बोलता येत नाही. त्यापेक्षा "तुम्ही या कामात कसे आलात?" हे विचारा. पत्रकार किंवा प्रकाशक आला तर स्वतःहून बाजूला व्हा. तुमचं काम दाखवायची वेळ डेव्हलपरनं "तुम्ही काय करता?" विचारल्यावर येते. कोणी विचारलंच नाही, तर कार्ड देऊन निघा.

बूथवरून निघालात की लगेच लिहा. मिळालेल्या कार्डाच्या मागे दोन शब्द: "उडी, दुसरी खोली". रात्री पंधरा कार्डं समोर पसरली की चेहरे एकमेकांत मिसळतात.

दोन-तीन दिवसांनी निरोप पाठवा. त्याच दिवशी नको, ते अजून सामान आवरत असतात. चार ओळी बस: "शनिवारी सकाळी तुमचा डेमो खेळलो. दुसऱ्या खोलीतल्या दाराबद्दल आपण बोललो होतो. तुम्ही सांगितलेली प्रकाशाची युक्ती माझ्या गेममध्ये वापरून पाहिली, लिंक देतोय. वेळ मिळाला तर नक्की बघा." ती युक्ती मात्र आधी खरंच वापरून पाहा. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर नाही.